ऑफिसला सायकलने जावं का?

पुण्यात दहा किलोमीटर अंतर कापायला मोटारीला सरासरी 33 मिनिटं 22 सेकंद लागतात. टॉमटॉम ही रहदारी मोजणारी कंपनी दरवर्षी जगभरातल्या शहरांची यादी काढते, तिच्या 2024 च्या यादीतला हा आकडा. त्या यादीत कोलकाता आणि बंगळुरूच्या पाठोपाठ पुणे जगात चौथं आलं. भागाकार केला की वेग निघतो ताशी जेमतेम 18 किलोमीटर. फारसा व्यायाम नसलेला चाळिशीचा माणूसही सपाट रस्त्यावर ताशी पंधराच्या आसपास सायकल सहज मारतो. म्हणजे दहा-पंधरा लाखांची मोटार आणि आठ हजारांची सायकल यांच्यात दहा किलोमीटरला फरक पडतो सहा-सात मिनिटांचा. त्यातही मोटारवाल्याला पोहोचल्यावर पार्किंग शोधत दोन चकरा माराव्या लागतात, त्या या हिशेबात नाहीत.

एवढं सोपं गणित असेल तर मग सगळे सायकलवर का दिसत नाहीत? कारण हिशेबाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. आणि त्यात एक मोठी गोम आहे: सायकलचे बरेचसे फायदे गावाला मिळतात, तोटे मात्र जवळजवळ सगळे एकट्या सायकलवाल्याच्या वाट्याला येतात.

हेच पुणे एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. नदीकाठच्या पेठा बऱ्यापैकी सपाट, अंतरं लहान, हवा थंड आणि गावात विद्यार्थी भरपूर. खडकीचा दारूगोळा कारखाना सुटला की सायकलींचा लोंढा रस्त्यावर यायचा. नगरपालिका सायकलीवर कर घ्यायची आणि पत्र्याचा बिल्ला द्यायची. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट सापडलं तर पोलीस अडवायचे. सायकलीला कर आणि दंड होता, याचा अर्थ ती रस्त्यावरचं अधिकृत वाहन म्हणून गणली जात होती. आज तिला दंडही कोणी करत नाही.

गंमत अशी की सायकलीला रस्त्यावरून हटवणारी वाहनं याच परिसरात तयार झाली. फिरोदियांची लुना आली 1972 मध्ये आणि आकुर्डीच्या बजाजची चेतकही त्याच वर्षी. पुढे 1984 मध्ये किनेटिक होंडा कंपनी उभी राहिली. ज्याला परवडलं तो गिअरची स्कूटर घेऊ लागला, ज्याला ती परवडत नव्हती त्याने लुना घेतली. 2018 मध्ये तर शहरातल्या नोंदणीकृत वाहनांची संख्या 36 लाखांवर जाऊन लोकसंख्येच्या पुढे गेल्याच्या बातम्या छापून आल्या. दरम्यान गावही पसरत गेलं. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये आणखी 23 गावं महापालिकेत आली. सदाशिव पेठेत राहून लक्ष्मी रोडला नोकरी करणाऱ्याला सायकल पुरत होती; त्याची नात आता कोथरूडहून हिंजवडीला जाते, एका बाजूने पंधराएक किलोमीटर, वाटेत चांदणी चौक आणि हायवे. तिला सायकल घे म्हणून सांगणं हा आगाऊपणा आहे.

तरी शहरातल्या सगळ्यांचा प्रवास काही हिंजवडीचा नसतो. शाळा, बँक, भाजी, क्लास, जवळचं ऑफिस हे सगळं पाच ते आठ किलोमीटरच्या आत येतं, आणि सायकलचा खरा पल्ला तोच आहे.

आठ किलोमीटरचंच उदाहरण घेऊ. जाऊन-येऊन रोजचे सोळा, वर्षाला कामाचे अडीचशे दिवस धरले तर चार हजार किलोमीटर होतात. स्कूटर लिटरला 45 देते असं मानलं तर नव्वदेक लिटर पेट्रोल लागतं. लिटरमागे 104 रुपये धरले तरी सव्वानऊ हजार झाले. लिटरभर पेट्रोल जळालं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे एका माणसाचा वर्षाला दोनशे किलो. त्या मानाने सायकलचा वर्षाचा खर्च म्हणजे ब्रेकचे रबर, एखादी ट्यूब, चेन आणि एक सर्व्हिसिंग. हजार-दोन हजारांत भागतं. मात्र इथे एक प्रामाणिक टीप जोडायला हवी. स्कूटर विकली नसेल तर तिचा विमा चालूच राहतो, आणि संध्याकाळी सायकल मारून आलेल्या माणसाची भूक पाहिली की पेट्रोलचे थोडे पैसे पोळ्यांत जातात हे घरच्यांनाही मान्य होईल.

खरा फायदा पैशाचा नाहीच, तो वेळेचा आहे, आणि तो उलट्या दिशेने मोजावा लागतो. आठ किलोमीटरला सायकलवर बत्तीसेक मिनिटं लागतात. दुचाकीवाला फटीफटीतून वाट काढत बावीस-पंचवीस मिनिटांत पोहोचेल. म्हणजे रोज दोन्ही वेळचे मिळून सायकलवाला पंधरा-वीस मिनिटं जास्त घालवतो आणि त्या बदल्यात तासाभराचा व्यायाम पदरात पाडून घेतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम करायला सांगते. पाच दिवसांत सायकलवाल्याची तीनशे मिनिटं जिमची फी न भरता आणि पहाटेचा गजर न लावता भरतात. नव्या वर्षाचे संकल्प फेब्रुवारीत बंद पडतात, कारण त्यांना वेगळा वेळ काढावा लागतो. ऑफिसला मात्र जावंच लागतं.

या व्यायामाचा शरीराला किती उपयोग होतो, यावर 2017 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ग्लासगोच्या संशोधकांचा एक मोठा अभ्यास आला. ब्रिटनमधल्या अडीच लाखांहून अधिक लोकांचा पाचेक वर्षं मागोवा घेतला, तेव्हा सायकलने कामावर जाणाऱ्यांमध्ये या काळात मृत्यूचा धोका मोटार किंवा बस-रेल्वेने जाणाऱ्यांपेक्षा 41 टक्क्यांनी कमी आढळला. हृदयविकाराचा 46 टक्क्यांनी आणि कर्करोगाचा 45 टक्क्यांनी. आकडे मोठे आहेत, पण ते जपून वाचावेत. सायकल मारणारा माणूस मुळातच धडधाकट असण्याची शक्यता जास्त. संशोधकांनी धूम्रपान, खाणंपिणं वगैरे फरक वजा करून पाहिले, तरी असा अभ्यास संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही. शिवाय ते ब्रिटनचे रस्ते आहेत.

इथे कोणीही हमखास विचारतो, ‘अहो, पण त्या धुरात?’ प्रश्न रास्त आहे. सायकल मारताना माणूस मिनिटाला जितकी हवा आत घेतो ती गाडीत बसलेल्यापेक्षा दुप्पट ते चौपट असते. केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 मध्ये याचं गणित मांडलं. हवेतले अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, ज्यांना पीएम 2.5 म्हणतात, ते फुप्फुसांत खोलवर जातात. या कणांची पातळी घनमीटरला 100 मायक्रोग्रॅम असेल, तर रोज दीड तासापर्यंत सायकल चालवण्यात नुकसानापेक्षा फायदा जास्त; त्यापुढे पारडं फिरतं. दिल्लीच्या हवेत ही मर्यादा बरीच लवकर येते. पुण्याची वर्षाची सरासरी शंभरच्या बरीच खाली असते. त्यामुळे रोज तासभर सायकल मारणाऱ्या पुणेकराने धुराला भिऊन सायकल सोडू नये, असं हे गणित सांगतं. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. डिसेंबर-जानेवारीची जी गुलाबी थंडीची सकाळ सायकलला सगळ्यात सुखाची वाटते, तीच बहुतेक वेळा सगळ्यात घाण असते, कारण थंड हवा जमिनीलगत बसते आणि धूर वर जाऊ देत नाही. अशा दिवसांत हमरस्ता सोडून एक गल्ली आतून गेलं तरी बराच फरक पडतो.

घाम हा आणखी एक नेहमीचा आक्षेप. मुंबईच्या दमट हवेत तो खराच आहे. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर असल्याने वर्षातले सात-आठ महिने सकाळ बरी जाते. शर्ट पिशवीत ठेवावा, बनियनवर जावं, पोहोचल्यावर ओल्या पंचाने अंग पुसावं, दहा मिनिटं पंख्याखाली बसावं. एप्रिल-मेमध्ये हेही पुरत नाही. पावसाळ्यातला त्रास वेगळा आहे. पाणी भरलेल्या रस्त्यावर खड्डा कुठे आहे ते कळत नाही, आणि जुन्या सायकलचे रबरी ब्रेक ओल्या लोखंडी रिमवर जवळजवळ लागतच नाहीत. पावसात रोज चालवायची असेल तर डिस्क ब्रेकचीच सायकल घ्यावी, इथे काटकसर करू नये.

आता सगळ्यात मोठ्या तोट्याकडे येऊ. तो म्हणजे जीव. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यात दुचाकीवरचे 44.5 टक्के, पायी चालणारे 19.5 टक्के आणि सायकलवाले साधारण तीन टक्के. तीन टक्के वाचून हायसं वाटून घेऊ नये. मुळात सायकलीच कमी राहिल्यात.

धोक्याचं मूळ वेगातल्या फरकात आहे. पंधराने चाललेल्या सायकलशेजारून पन्नासने बस जाते, तेव्हा चूक कोणाचीही असो, हाडं सायकलवाल्याचीच मोडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रस्त्यावरचा सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघातांचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. पुण्यातल्या सायकलवाल्याला रोज भेटणारे शत्रू मात्र साधे असतात: पार्क केलेल्या गाडीचं अचानक उघडणारं दार, डावीकडे वळणारी पीएमटीची बस (पीएमपी म्हणायची सवय अजून कोणाला लागलेली नाही), उलट्या बाजूने येणारा दुचाकीवाला आणि ड्रेनेजच्या झाकणाभोवतीची खाच. ‘कडेकडेने चालव रे’ असं घरचे बजावतात. पण अगदी कडेला वाळू, जाळ्या आणि दारंच असतात. उभ्या गाड्यांपासून हातभर अंतर ठेवून, सरळ रेषेत, आपण दिसू अशा जागी चालवणं जास्त सुरक्षित असतं. मागून हॉर्न वाजतात, वाजू द्यावेत. भारतात कायद्याने सायकलवाल्याला हेल्मेट सक्तीचं नाही, तरी घालावं. जगभरचे अभ्यास एकत्र करून 2016 मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार अपघात झालाच तर डोक्याच्या गंभीर इजांचं प्रमाण हेल्मेटमुळे सत्तरेक टक्क्यांनी घटतं. मागचा लाल दिवा तर हवाच.

सायकलवाले वाढले की प्रत्येकाचा धोका घटतो, हे पीटर जेकबसन या अमेरिकन अभ्यासकाने 2003 मध्ये बऱ्याच देशांचे आकडे लावून दाखवलं. संख्या दुप्पट झाली तर एकेकट्याचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो. मोटारवाल्याला सायकल दिसायची सवय होते, तो वळताना आरशात बघतो. पुण्यात गेली पन्नास वर्षं ही गोष्ट उलट्या बाजूने घडत आली. एकेकाने सायकल सोडली आणि मागे राहिलेल्याचा धोका थोडा थोडा वाढत गेला. मागे कोण राहिलं, तर वॉचमन, दूधवाले, पेपर टाकणारी मुलं, बांधकामावरचे गवंडी, सकाळी धुणीभांडी करायला येणाऱ्या काही मावश्या. 2011 च्या जनगणनेत शेतीबाहेरच्या कामावर जाणाऱ्यांपैकी देशात तेरा टक्के लोक सायकलने जात होते. त्यातल्या बहुतेकांनी पर्यावरणाचा विचार करून सायकल निवडलेली नव्हती. बसचं तिकीट परवडत नव्हतं किंवा बस येतच नव्हती. रविवारी पहाटे सिंहगड पायथ्याला लाखाच्या सायकली दिसतात त्यांचं कौतुक जरूर करावं, पण पुण्यात सायकल जिवंत ठेवली ती या दुसऱ्या लोकांनी.

त्यामुळे सायकलला प्रतिष्ठेचा प्रश्नही चिकटला आहे. मोठ्या इमारतीच्या गेटवर स्कूटरवरून गेलं की ‘साहेब, तिकडे लावा’ ऐकू येतं. तोच माणूस तोच शर्ट घालून सायकलवर गेला की ‘ओ काका, सायकल आत नाय’. हा अनुभव मी घेतलेला आहे आणि रखवालदाराचा मला राग नाही, त्याची स्वतःची सायकलही बाहेर विजेच्या खांबाला साखळीने बांधलेली होती. बायकांना याच्या जोडीला आणखी सोसावं लागतं: मागून येणाऱ्यांचे शेरे, अंधार पडल्यावरचे निर्मनुष्य पट्टे, ओढणीची काळजी. एके काळी पुण्यातल्या कॉलेजच्या मुली सर्रास लेडीज सायकलवर दिसत. कुठल्या शहरात सायकल चालवणं कितपत सुरक्षित आहे हे बघायचं असेल, तर अहवाल चाळण्याआधी संध्याकाळी सातला रस्त्यावर किती बायका सायकलवर आहेत ते मोजावं.

आणि पंक्चर! पूर्वी प्रत्येक चौकात एक माणूस पत्र्याचं घमेलं घेऊन बसलेला असायचा. सळईने टायर उचकटून ट्यूब बाहेर काढायची, हवा भरून पाण्यात दाबत दाबत फिरवायची. एका जागी बुडबुड्यांची बारीक माळ निघाली की ओल्या बोटाने ती जागा धरायची, पुसून कानशीने घासायची, सोल्यूशन लावून फुंकर मारायची, ठिगळ चिकटवून वर हातोडीचे दोन ठोके. मग टायरच्या आतून बोट फिरवून रुतलेला काटा शोधायचा, कारण तो राहिला तर अर्ध्या वाटेवर पुन्हा तेच. आता तो माणूस मोटारसायकलचे ट्यूबलेस टायर करतो आणि सायकल बघून मान हलवतो. तेव्हा पंप, जास्तीची ट्यूब आणि टायर काढायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या जवळ बाळगाव्यात आणि घरी एकदा सराव करून ठेवावा.

महापालिकेने काहीच केलं नाही असं नाही. 2006 मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, सुरू झाली, तेव्हा तिच्या कडेने सायकल ट्रॅकही आखले गेले. 2017 च्या डिसेंबरमध्ये मुख्य सभेने शहरभरच्या शेकडो किलोमीटर सायकल मार्गांचा आराखडा मंजूर केला. त्याच सुमाराला मोबाइलवरून कुलूप उघडून भाड्याने घ्यायच्या सायकली आल्या. पेडल, ओफो, मोबाइक, युलू अशा कंपन्यांनी रस्ते रंगीत करून टाकले. वर्ष-दोन वर्षांत त्यातल्या बहुतेक गायब झाल्या. मोडतोड आणि चोऱ्या हे एक कारण होतं, पण परदेशी गुंतवणूकदारांचा पैसा आटणं हे मोठं. ओफोने तर 2018 मध्ये भारतातलाच गाशा गुंडाळला.

सायकल ट्रॅकचं दुखणं वेगळं आहे. तो सुरू होतो तिथे दुचाकी शिरू नयेत म्हणून खांब रोवलेले असतात. त्यातून हँडल जात नाही, सायकल तिरकी करून ओढावी लागते. पुढे पेव्हर ब्लॉक खचलेले, मग महावितरणचा डीपी, मग एक पिंपळ (त्याला हात लावू नये हे ठीकच), मग वडापावची गाडी आणि तिची गिऱ्हाइकं. हे सगळं ओलांडून माणूस चौकापर्यंत आला की ट्रॅक संपतो. जिथे सायकलवाल्याला सगळ्यात जास्त धोका, नेमका तिथेच तो संपतो. मग रिकामा ट्रॅक दाखवून ‘बघा, कोणी वापरत नाही’ म्हणायला सगळे मोकळे. वाहतूक नियोजनात एक ढोबळ अंदाज नेहमी दिला जातो: साडेतीन मीटर रुंदीच्या पट्ट्यातून तासाला मोटारीने सुमारे दोन हजार माणसं जातात आणि सायकलने चौदा हजार. म्हणजे सायकलवाला मोटारवाल्याचीच जागा रिकामी करून देतो. तरी रस्ता रुंद करायचा ठरला की कात्री आधी सायकलच्याच पट्ट्याला लागते.

नेदरलँड्सचं नाव या विषयात हटकून निघतं आणि आपल्याकडे ते ऐकून लोक म्हणतात, त्यांची संस्कृतीच तशी. तसं नाही. 1971 साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर सुमारे 3,300 माणसं गेली, त्यात चारशेहून अधिक मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले. 1973 मध्ये तेलटंचाई आली, सरकारने रविवारी मोटारी बंद ठेवल्या आणि त्या दोन दट्ट्यांनी धोरण वळलं. त्याआधीची वीस वर्षं तिथेही मोटारींसाठीच रस्ते रुंद होत होते.

चढाचं आणि अंतराचं ओझं कमी करायला आता विजेची मदत घेणारी सायकल आहे. 250 वॅटच्या आतली मोटर आणि ताशी 25 किलोमीटरच्या आतला वेग असेल तर तिला आपल्या कायद्याने नोंदणी लागत नाही, परवानाही लागत नाही. पाषाण किंवा धनकवडीचा चढ तिच्यावर घामाशिवाय जातो. किंमत साध्या सायकलच्या कित्येक पट आहे आणि वजन इतकं की तिसऱ्या मजल्यावर उचलून नेता येत नाही. पुणे मेट्रोने डब्यात सायकल न्यायला परवानगी दिली आहे, म्हणजे लांबच्या टप्प्याला मेट्रो आणि दोन टोकांना सायकल असाही मेळ बसू शकतो.

एवढं सगळं मांडल्यावर कोणी सरळ विचारलं तर माझं उत्तर असं आहे. ऑफिस सात-आठ किलोमीटरच्या आत असेल आणि बहुतेक वाट आतल्या रस्त्यांनी काढता येत असेल, तर आठवड्यातून दोन दिवस सुरू करा. सुरुवात जूनमध्ये करू नका, ऑक्टोबर किंवा नोव्हेंबरमध्ये करा, आणि त्याआधी एका रविवारी सकाळी ती वाट चालवून बघा. वाटेत हायवे किंवा मोठा उड्डाणपूल टाळता येत नसेल तर आज सायकल घेऊ नका, बस नाहीतर मेट्रो बघा. आणि सायकल घ्या की नका घेऊ, नगरसेवक दारात आले की वॉर्डातला सायकल ट्रॅक चौकाच्या अलीकडेच का संपतो, एवढं मात्र त्यांना जरूर विचारा.